कारखाना सांभाळून कॉलेजात विज्ञान शिकवायचं असेल तर

मे महिना संपत आला की मला ठरावीक फोन येऊ लागतात. कुणी लोट्याच्या रासायनिक कारखान्यातला, कुणी जयगडच्या वीजप्रकल्पातला, कुणी पुण्याची नोकरी सोडून बाग बघायला गावी परतलेला. प्रश्न एकच: "आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात शिकवायचंय. पीपीटी तयार आहे. कुणाला भेटू?"

पीपीटी खरंच तयार असते. तयार नसतात ते कागद.

मीही हेच केलं होतं. इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर, चौदा वर्षं प्लांटमध्ये. एका महाविद्यालयात मुलाखतीला गेलो, डेमो लेक्चर झकास झालं, आणि शेवटी समितीतल्या मॅडमनी विचारलं, "एम.एस्सी. कुठल्या विषयात?" माझ्याकडे बी.ई. होतं. चहा पाजून परत पाठवलं. पुढची साडेतीन वर्षं एम.एस्सी. आणि सेट या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेत गेली. आधी चौकशी केली असती तर ती साडेतीन वर्षं तेवढीच लागली असती, पण निदान आधी सुरू झाली असती.

खालचा क्रम त्या अनुभवातून आलेला आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत, म्हणून उदाहरणं तिथली.

टप्पा १: कोणत्या दारातून आत जायचं ते ठरवा

"पार्ट टाइम शिकवायचंय" असं प्राचार्यांना सांगू नका. त्यांच्या दप्तरात असा एकच रकाना नसतो. दारं चार आहेत आणि प्रत्येकाची कुलपं वेगळी.

सगळ्यात सोपं दार अतिथी व्याख्यानाचं. एक-दोन तासांचं भाषण, पात्रतेची अट नाही, विभागप्रमुखांनी बोलावलं की झालं. प्रवासखर्च आणि थोडं मानधन मिळतं, कधी नारळ आणि शाल मिळते. याला अध्यापनाचा अनुभव म्हणत नाहीत, पण तुम्हाला वर्ग झेपतो का हे कळायला याहून स्वस्त उपाय नाही.

दुसरं दार तासिका तत्त्वाचं, म्हणजे बोलीभाषेत सीएचबी (क्लॉक अवर बेसिस). अनुदानित महाविद्यालयात मंजूर कार्यभार आहे, पण पूर्णवेळ माणूस नाही, अशा तासांसाठी ही नेमणूक असते. इथे पात्रता पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचीच मागतात. अभियंते अडखळतात ते याच उंबऱ्यावर. "तासावर तर घेताय, त्याला सेट कशाला?" हा वाद मुलाखतीत घालू नका. समोर बसलेल्यांच्या हातात ते नसतं.

तिसरं दार विनाअनुदानित तुकड्यांचं: बी.एस्सी. आय.टी., कॉम्प्युटर सायन्स, डेटा सायन्स वगैरे. पगार संस्था देते, निर्णय लवकर होतो. संगणक किंवा आय.टी.मध्ये एम.ई., एम.टेक. किंवा एम.सी.ए. असेल तर बहुतेक अभियंते इथूनच आत जातात. जाहिरातीतली पात्रतेची ओळ मात्र शब्दन् शब्द वाचा.

चौथं दार प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा, तोही वरिष्ठ पातळीवरचा, अनुभव असेल तर इथे पदवीची अट सक्तीची नाही. मुदत साधारण तीन वर्षं, अपवादाने आणखी एक. ऐकायला हे दार आपल्यासाठीच कोरलेलं वाटतं. पण संस्थेच्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपलीकडे अशा नेमणुका करता येत नाहीत, आणि लहान गावातल्या महाविद्यालयात कुणी अजून एकही केलेली नसण्याची शक्यता मोठी. शिवाय "वरिष्ठ पातळी" म्हणजे पंधरा वर्षं शिफ्ट इंजिनिअर असणं नव्हे.

सावध: तंत्रनिकेतनाची गोष्ट यात मिसळू नका. तिथे अभियांत्रिकीचे विषय शिकवायला प्रथम वर्गातली बी.ई. चालते, हे ऐकून लोक भौतिकशास्त्राच्या जागेलाही अर्ज करतात. तंत्रनिकेतनातही भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला एम.एस्सी.च मागतात.

टप्पा २: पात्रतेचे कागद

विज्ञान शाखेत शिकवायला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी हवी, किमान ५५ टक्के गुणांसह. आरक्षित प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत आहे. त्यावर नेट ही राष्ट्रीय किंवा सेट ही राज्याची पात्रता परीक्षा. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट, सेट किंवा स्लेट (तीही राज्यस्तरीय परीक्षाच) हीच किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे. त्यामुळे "आधी पीएच.डी. करतो, मग शिकवतो" हा लांबचा वळसा आता कुणी घेऊ नये. पीएच.डी. संशोधनासाठी करा.

"त्या विषयातली" हे शब्द महत्त्वाचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्याला वाटतं, मला फिजिक्स येतंच की. येत असेल. पण बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्रात क्वांटम मेकॅनिक्स आणि सांख्यिकीय भौतिकी आहे, आणि बी.ई.च्या गुणपत्रिकेवर यातलं काही दिसत नाही. छाननी करणारा माणूस गुणपत्रिका बघतो, तुमचा मेंदू बघत नाही.

एम.एस्सी. नसेल तर प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. बी.ई.वर त्या विषयाला प्रवेश मिळतो का? प्रत्येक विद्यापीठाचा आणि विषयाचा नियम वेगळा असतो. गणित आणि संगणकाकडे वाट तुलनेने मोकळी, रसायनशास्त्राकडे अरुंद. आणि दूरशिक्षणाने करणार असाल तर त्या अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी, आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का? मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात. अभियांत्रिकीला मात्र हे लागू नाही. दूरशिक्षणाने एम.टेक. करून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

सेट परीक्षा महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा तुमच्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, वयाची वरची मर्यादा नाही. सीएसआयआर नेटमध्ये गुण कापतात आणि तिचा पेपर जास्त खोल जातो. नोकरी करून तयारी करणाऱ्याने सेटपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण आपल्याला फेलोशिप नको, पात्रता हवी.

अभियंते नापास होतात ते बहुधा विषयामुळे नाही. पहिल्या पेपरात अध्यापनपद्धती, संशोधनपद्धती, उच्चशिक्षणव्यवस्था असे भाग असतात. "ते काय, कॉमन सेन्स" म्हणून ते सोडून दिले जातात. मी पहिल्या खेपेला तिथेच गेलो.

तपासा: ग्रेडमध्ये निकाल असेल तर टक्केवारीत रूपांतराचं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून आत्ताच मागवा. ५४.९ चे ५५ होत नाहीत. नावातलं एक अक्षर दहावीच्या आणि एम.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर वेगळं असेल तर त्याचा उलगडाही जाहिरात निघायच्या आधी करून ठेवा.

टप्पा ३: मालकाची परवानगी आणि घड्याळाचा हिशोब

नेमणूकपत्र काढून वाचा. बहुतेक कंपन्यांत दुसरी नोकरी न करण्याचं कलम असतं, आणि ते आपण सही करताना वाचलेलं नसतं. एच.आर.कडे लेखी अर्ज द्या. त्यात विषय, आठवड्याचे तास, दिवस लिहा, आणि कंपनीची कुठलीही गोपनीय माहिती वर्गात येणार नाही असं स्वतःहून लिहा. ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय महाविद्यालयाला होकार देऊ नका. राज्य शासनाच्या सेवेत असाल तर १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे पूर्वपरवानगी लागतेच. तोंडी "करा हो, कोण विचारतंय" यावर जाऊ नका. विचारायला कुणीतरी येतं, आणि ते नेमकं बढतीच्या वर्षी येतं.

मग घड्याळ. चार तास शिकवायचं म्हणजे चार तास नव्हेत. पहिल्या वर्षी मला एका तासाच्या व्याख्यानाला तीन तास तयारी लागली. त्यात चिपळूणहून खेड किंवा रत्नागिरी गाठणं धरा, आणि ते पावसाळ्यात. परशुराम घाटात दरड आली की वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही. आपल्याकडे विद्यार्थीही एसटीने येतात. शेवटचा तास गावच्या गाडीच्या वेळेवर आदळत असेल तर त्या तासाला अर्धा वर्ग रिकामा असणार. वेळ ठरवतानाच स्टँडवरच्या गाड्यांचं वेळापत्रक विचारून घ्या.

फिरत्या शिफ्टवाल्यांनी एक करावं: महिन्याच्या चारही आठवड्यांत जे दिवस नक्की मोकळे आहेत तेवढेच सांगावेत. "बघू, ॲडजस्ट करू" म्हणून सांगितलेला दिवस सप्टेंबरात शटडाऊनमध्ये जातो आणि महाविद्यालयात तुमची पत तिथेच संपते.

टप्पा ४: अर्ज

जाहिराती साधारण जून-जुलैत येतात, काही थेट मुलाखतीच्या. स्थानिक वर्तमानपत्र, महाविद्यालयाचं संकेतस्थळ, सूचनाफलक, तिन्हीकडे लक्ष ठेवा. पण विभागप्रमुखांना भेटायचं ते त्याआधी, एप्रिलमध्ये. तेव्हा पुढच्या वर्षाचा कार्यभार मोजला जात असतो आणि कुठल्या विषयाचे तास उरणार हे त्यांना माहीत असतं. भेटायला जाताना पीपीटी नेऊ नका. अभ्यासक्रमाची छापील प्रत न्या आणि "यातले हे दोन घटक आणि ही प्रात्यक्षिकं मी घेऊ शकतो" असं बोट ठेवून दाखवा.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या आराखड्यात व्यावसायिक कौशल्याचे अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं आहे. ते कोण घेणार हा प्रश्न अनेक विभागांपुढे आहे, आणि तिथे अभियंत्याची खरी गरज आहे. फक्त एवढं ओळखा की तुम्हाला शिकवायला बोलावताहेत, की तुमच्या कंपनीत मुलांना प्रशिक्षणाला पाठवायला. दुसरं कारणही वाईट नाही, पण ते आधी उघड बोलून घ्यावं.

अर्ज एका पानाचा. असा:

"मा. प्राचार्य यांस,
विषय: भौतिकशास्त्रासाठी तासिका तत्त्वावर अध्यापनाबाबत.
मी एम.एस्सी. भौतिकशास्त्र, ६१ टक्के, सेट उत्तीर्ण आहे. सोमवार आणि गुरुवारी दुपारी १२ नंतर व शनिवारी पूर्ण दिवस उपलब्ध आहे. माझ्या कंपनीचं ना-हरकत पत्र सोबत जोडलं आहे. मापन व नियंत्रण क्षेत्रात १४ वर्षांचा अनुभव असून द्वितीय वर्षाच्या इलेक्ट्रॉनिक्स घटकाची व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकं घेऊ शकेन."

क्रम बघा. पात्रता, वेळ, परवानगी, आणि मग अनुभव. आपण नेमकं उलटं लिहितो: पहिलं पान प्रकल्पांच्या यादीने भरतं आणि सेटचा उल्लेख तिसऱ्या पानावर सापडतो.

मुलाखतीत दहा मिनिटांचं डेमो लेक्चर मागतात. फळा वापरा. वीज गेली तरी फळा चालतो, आणि जून-जुलैत कोकणात ती जातेच.

टप्पा ५: आदेश आणि पैसे

पैशाची अपेक्षा आधीच जमिनीवर आणा. आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा आकडा दिला. तो इंटरनेटवर लगेच सापडतो आणि लोक तोच धरून बसतात. आपल्या अनुदानित महाविद्यालयांत तासिका तत्त्वाचं मानधन राज्य शासनाच्या निर्णयाप्रमाणे मिळतं, आणि व्याख्यान व प्रात्यक्षिकाचे दर वेगळे असतात. चालू दर कार्यालयीन अधीक्षकांकडून लेखी घ्या.

मानधन वेळेवर येईल असं गृहीत धरून कुठलाही हप्ता बांधू नका. माझं पहिल्या सत्राचं बिल दुसरं सत्र अर्धं झाल्यावर निघालं. महाविद्यालयातून देयक जातं पनवेलला, कोकण विभागाच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात, आणि तिथे एक सही कमी असली तर कागद आल्या वाटेने परत येतो.

सावध: नेमणुकीचा लेखी आदेश हातात येईपर्यंत तास घेऊ नका. "सुरू करा, ऑर्डर निघेल" हे आपुलकीने म्हणतात, पण आदेशाच्या तारखेआधीचे तास बिलात बसत नाहीत. आणि प्रत्येक तासाची नोंद त्याच दिवशी, हजेरीवहीत सहीसकट. महिन्याच्या शेवटी आठवून भरलेल्या वहीवरच शंका निघते.

टप्पा ६: सत्राचं नियोजन कॅलेंडर समोर ठेवून

दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) लेखी विषय म्हणजे ३० तास. सत्र १५ आठवड्यांचं, आठवड्याला दोन तास. कागदावर बरोबर बसतं. आता भिंतीवरचं कालनिर्णय काढा.

गणपतीचा आठवडा धरूच नका. चाकरमानी गावी येतात तेव्हा गावातली मुलं वर्गात बसतील ही आशा व्यर्थ आहे, आणि ती धरूही नये. चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. या अठरा दिवसांच्या फरकाने अंतर्गत चाचणी गणपतीच्या आधी बसते की नंतर हे बदलतं. अतिवृष्टीच्या सुट्टीचे दोन-तीन दिवस जिल्हाधिकारी आदल्या रात्री जाहीर करतात. दुसऱ्या सत्रात शिमगा. पालखी घरी येणार त्या दिवशी मुलगा येत नाही, आणि प्रत्येक गावची तारीख वेगळी.

म्हणून ३० तासांचा विषय २५ तासांत मांडा. उरलेले पाच सुटले तर उजळणीला. प्रथेप्रमाणे सोपा घटक आधी घेतात, मी अवघड घटक जुलैत घेतो. तेव्हा वर्ग भरलेला असतो.

टप्पा ७: व्याख्यानाची तयारी

इथपर्यंत आलात म्हणजे आता पीपीटी. ती बाजूला ठेवा.

पहिल्या दिवशी मी ४८ मिनिटांच्या तासासाठी ३४ स्लाइड नेल्या. वीस मिनिटांत संपल्या. मुलं शांत होती, मला वाटलं कळलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, लूप म्हणजे काय?" मी वीस मिनिटं ४ ते २० मिलीअँपिअर लूपवर, म्हणजे कारखान्यात मोजमाप विद्युतधारेच्या रूपात तारेतून नेणाऱ्या परिपथावर, बोललो होतो.

अभियंत्याची सवय अशी की काय करायचं ते सांगायचं. वर्गाला लागतं ते का. प्लांटमध्ये रीडिंग चुकलं की आपण ट्रान्समीटर बदलतो. इथे ते का चुकलं यावर प्रश्न येतो, पाच गुणांचा. म्हणून तयारी या क्रमाने करा.

आधी अभ्यासक्रमातली ओळ शब्दशः वहीत उतरवा. त्याखाली मागच्या तीन वर्षांत त्यावर आलेले प्रश्न. मग पाठ्यपुस्तकातली व्युत्पत्ती स्वतःच्या हाताने, पुस्तक मिटून. इथे अभिमान गळून पडतो. वीस वर्षांपूर्वी येत होतं ते आज तिसऱ्या पायरीला अडतं, आणि ते घरी अडलेलं बरं. आणि सर्वांत शेवटी, जागा उरली तर, कारखान्यातलं उदाहरण. एका तासाला एकच.

उदाहरण कसं निवडायचं? ते सूत्राकडे परत यायला हवं. व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे रोध मोजायचा चार भुजांचा परिपथ, शिकवताना मी पीटी-१०० घेतो. हा प्लॅटिनमचा तापमान संवेदक. शून्य अंशाला रोध १०० ओहम, शंभर अंशाला सुमारे १३८.५. म्हणजे अंशाला साधारण ०.३८५ ओहम. आता मुलांना विचारा: संवेदक बॉयलरवर, मीटर कंट्रोल रूममध्ये, मधल्या दोन तारांचा रोध प्रत्येकी एक ओहम, तर तापमान किती चुकेल? दोन भागिले ०.३८५, म्हणजे पाच अंशांहून जास्त. मग तिसरी तार ब्रिजच्या दुसऱ्या भुजेत का टाकतात हे मुलंच सांगतात. इथे कारखाना आला आणि तीन मिनिटांत फळ्यावरच्या ब्रिजकडे परत गेला. उलट "आमच्याकडे एकदा रात्री अडीचला प्लांट ट्रिप झाला" ही गोष्ट कितीही रंगली तरी कुठल्याच सूत्राकडे जात नाही. ती कँटीनसाठी ठेवा.

रसायनशास्त्रवाल्यांनी बंदराकडे बघावं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका वर ओढलेल्या असतात तेव्हा पाण्याखालच्या पोलादी भागाला जस्ताचे ठोकळे लावलेले दिसतात. जस्ताचा प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४. जस्ताचा जास्त उणे, म्हणून जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. ज्या मुलाच्या घरी नौका आहे त्याला हे ठोकळे दर हंगामाला बदलतात हे ठाऊक असतं, का ते ठाऊक नसतं. त्याला फळ्यापाशी बोलवा.

भाषेचं काय? पुस्तकं आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत, आणि वर्गातली निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. त्यांना विभवांतर, रोध, विद्युतधारा हे शब्द पक्के येतात. पोटेन्शिअल डिफरन्स ऐकलं की मात्र नवीनच काही आलं असं वाटतं. पहिल्या आठवड्यात फळ्याच्या डाव्या कडेला जोड्या लिहा आणि पुसू नका. समजावणं मराठीत, व्याख्या आणि उत्तराची मांडणी इंग्रजीत. पूर्ण इंग्रजीत बोलून आपली छाप पडते, पण प्रश्न यायचे थांबतात. आणि प्लांटमधली आद्याक्षरं, ती डीसीएस, पीएलसी, एचएमआय, गेटवरच काढून ठेवा.

तपासा: तास संपायला पाच मिनिटं असताना एक लहान गणित द्या आणि बाकांमधून फिरा. "समजलं का?" विचारू नका. होच म्हणतात.

टप्पा ८: प्रात्यक्षिकं

अर्धवेळ माणसाची खरी परीक्षा प्रयोगशाळेत होते. व्याख्यानात बोलून निभावतं, इथे वीस मुलं वीस वायरी घेऊन उभी असतात.

प्रयोगशाळा सहायकांशी आधी ओळख करा, प्राचार्यांशी नंतर केलीत तरी चालेल. कुठला गॅल्व्हॅनोमीटर अडकतो, कुठल्या पेटीतला प्रतिरोध खोटा दाखवतो हे त्यांनाच माहीत असतं. त्यांना अरेतुरे करणारे इंजिनिअर मी पाहिलेत. त्यांचं एकही प्रात्यक्षिक वेळेत सुरू झालेलं पाहिलं नाही.

प्रत्येक प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करा, त्याच टेबलावर, त्याच उपकरणांनी. आपल्या दमट हवेत जुलैत क्लिप हिरव्या पडतात, स्विचचे संपर्क गंजतात, मीटरचा काटा शून्यावर येत नाही. जोडण्याआधी वायरीची टोकं पॉलिश पेपरने घासायला मुलांना शिकवा आणि संवेदनशील मीटरच्या कपाटात सिलिका जेल ठेवायला सांगा. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून परत वापरता येतात.

मग आकड्यांचा प्रामाणिकपणा. माझा आवडता प्रयोग साधा आहे. दहा व्होल्ट, एकसारखे एक-एक मेगाओहमचे दोन रोध, मधल्या बिंदूवरचं व्होल्टेज मोजायचं. गणिताने पाच. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असेल तर ४.७६ येतं. जुना काट्याचा मीटर, व्होल्टला २० किलोओहमवाला, १० व्होल्टच्या रेंजवर लावला तर १.४३. पहिल्या वर्षी बहुतेक जर्नलांत मला पाच व्होल्ट दिसले. मुलांनी मीटर बघून नाही, शेजाऱ्याची वही बघून आकडा लिहिला होता. तेव्हापासून मी नियम केला: उत्तर चुकीचं आलं तरी चालेल, दिसलं ते लिहा आणि का आलं ते एका ओळीत सांगा. मीटर स्वतःच परिपथाचा भाग होतो हे व्याख्यानात सांगून जेवढं पटत नाही, तेवढं १.४३ बघून पटतं.

सावध: कारखान्यातलं जुनं उपकरण "मुलांना बघायला" म्हणून परस्पर आणू नका. कंपनीचा गेटपास आणि महाविद्यालयाच्या साठानोंदवहीतली नोंद, दोन्ही हवं. रसायनांचं तर नावच काढू नका.

जर्नल दर आठवड्याला तपासा. सत्राच्या शेवटी वीस जणांची दहा-दहा प्रात्यक्षिकं एका दुपारी सही करून देणं म्हणजे काहीच न बघता सही करणं.

टप्पा ९: चाचण्या, गुण आणि सत्राचा शेवट

प्रश्नपत्रिका काढताना विभागातल्या अनुभवी सहकाऱ्याला दाखवा. अभियंत्याच्या प्रश्नपत्रिकेत गणितं जास्त आणि अवघड असतात, वेळेचा अंदाज चुकलेला असतो. तुम्हाला जे सोडवायला वीस मिनिटं लागतात ते विद्यार्थ्याला तासभर लागेल असं धरा. पायरीला गुण द्या. प्लांटमध्ये अंतिम आकडा चुकला की सगळंच चुकलं, इथे सूत्र बरोबर लिहिल्याचा एक गुण त्या मुलाचा हक्काचा आहे.

अंतर्गत गुण भरायची मुदत विद्यापीठाची असते, तुमच्या शिफ्टची नाही. ती तारीख आदेश हाती आला त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. तोंडी परीक्षेच्या आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी कंपनीत रजा टाकलेली हवी.

शेवटच्या आठवड्यात कार्यालयात जाऊन चार कागद पुरे करा: हजेरीवही आणि गुणपत्रक जमा केल्याची पोच, तासांच्या देयकाची तुमच्याकडची प्रत, पूर्ण झालेल्या अभ्यासक्रमाचा विभागप्रमुखांच्या सहीचा तक्ता, आणि अनुभव प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर विषय, वर्ग, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि "तासिका तत्त्वावर" हे शब्द आहेत का ते खिडकीपाशी उभं राहूनच वाचा. तारीख चुकली असेल तर तिथल्या तिथे बदलून मिळते. एप्रिलनंतर तेच लिपिक निवडणुकीच्या किंवा प्रवेशाच्या कामाला लागलेले असतात.